पितृपक्षातली तारीख

सांगली
श्रावण वद्य १०

चि. सौ. छकुलीस,


परवाचा तुझा फोन अर्धवट राहिला. मागून सासूबाईंचा आवाज आला आणि तू ‘मावशी, नंतर बोलते’ म्हणून ठेवलास. तेव्हाच ठरवलं, हे लिहूनच पाठवायचं. लिहिलेलं दोनदा वाचता येतं, आणि वाटलं तर सासूबाईंच्या हातातही देता येतं. त्यांना वाईट वाटेल असं यात काही नाही.

मला कळलं ते असं. ३९ आठवडे पूर्ण होतात तो दिवस डॉक्टरबाईंनी सीझरसाठी धरला, आणि तो नेमका भाद्रपद वद्य द्वादशीला, ऐन पितृपक्षात येतोय. घरात म्हणणं पडलं की अशुभ पंधरवड्यात कशाला, अनंत चतुर्दशीला किंवा त्याच्या आत उरकून घ्या. दुसरं सीझर आहे, पोट कापायचंच आहे, तर दोन आठवडे इकडे काय नि तिकडे काय. जावईबापू दोन्हीकडे मान डोलावतात आणि तू रात्री जागी राहतेस.

आधी हिशोब करू. घरातले बरेचसे वाद हिशोबात असतात. आपल्याकडे ‘लागला’ आणि ‘पूर्ण’ यांत कुणी फरक करत नाही. आठ महिने भरले की ‘नववा लागला’, आणि ऐकणाऱ्याला वाटतं नऊ झालेच. आठवड्यांचंही तसंच. एकोणचाळिसावा आठवडा लागला याचा अर्थ ३८ पूर्ण झाले. ३९ पूर्ण म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून २७३ दिवस. अनंत चतुर्दशीला तुझे भरतात ३७ आठवडे आणि एक दिवस. बोलताना कुणी ‘अडतिसावा चालू आहे की’ म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. म्हणून डॉक्टरबाईंशी बोलताना नेहमी ‘पूर्ण किती’ हेच विचार.

गंमत सांगते. तारीख काढायचा आमच्या नर्सिंगच्या पुस्तकातला नियम असा, की पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, नऊ महिने नऊ दिवस. अवघ्या दोन दिवसांचा फरक! कुणी कुणाकडून उचललं नसेल, पण मोजणाऱ्या बायकांना कळत होतं एवढं नक्की.

आता ते दोन आठवडे. लेबर रूममध्ये माझी चौतीस वर्षं गेली, त्यातला एकच प्रसंग सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. एका घराने गुरुजींकडून वेळ काढून आणली होती, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. दुसरंच सीझर, ३७ आठवडे नुकते भरलेले. बाळ दहा बाराला बाहेर आलं, रडलंही छान, बाहेर पेढे वाटले गेले. मी बाळ पुसत होते तेव्हा त्याच्या घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ असतो, याचा ऐंशीच्या पुढे गेला. चार दिवस ते काचेच्या पेटीत होतं. बाळ वाचलं, आता कॉलेजात असेल. पण त्या चार दिवसांत त्या आईला बाळाला छातीशी धरता आलं नाही, दूध दाटून तिला ताप भरला, आणि मुहूर्त काढून आणणारे आजोबा काचेबाहेर उभं राहून मला विचारत होते, ‘सिस्टर, आमचं काय चुकलं?’ काय सांगणार होते मी त्यांना?

हे का होतं ते समजून घे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. दिवस भरत येतात तसं ते पाणी शोषून घ्यायची तयारी सुरू होते, आणि कळा लागल्या की आईच्या नि बाळाच्या शरीरातले रस त्या कामाला जोर देतात. ठरवून केलेल्या सीझरमध्ये कळाच नसतात. बाळ झोपेत असावं आणि कुणी गोधडीतून उचलून उन्हात ठेवावं तसं ते बाहेर येतं. म्हणून ३७ आठवड्यांना आपणहून कळा येऊन झालेलं बाळ आणि ३७ आठवड्यांना तारीख ठरवून काढलेलं बाळ यांची बरोबरी करायची नाही. शेजारच्या काकू ‘आमचा बंड्या सदतिसाव्यालाच झाला’ म्हणाल्या, तर त्याला कळा आल्या होत्या का ते विचार.

२००९ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या सिस्टरांना बसवून तो समजावला होता. १९ केंद्रांमधली १३,२५८ ठरवून केलेली दुसरी-तिसरी सीझर त्यांनी तपासली. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षतेत ठेवावं लागणं, असं काहीतरी झालेली बाळं ३७ आठवड्यांना १५.३ टक्के, ३८ ला ११ टक्के आणि ३९ ला ८ टक्के. म्हणजे ३७ चा धोका ३९ च्या जवळजवळ दुप्पट. मला मात्र दुसराच आकडा जास्त लक्षात राहिला. त्या बायकांपैकी ३५.८ टक्के जणींचं सीझर ३९ च्या आधीच झालं होतं. तिकडे कुठे आलाय पितृपक्ष! कुणाची सुट्टी, कुणाची सोय, कुणाची घाई. तेव्हा आपल्या पंचांगालाच सगळा दोष देऊ नये.

मग जितकं थांबू तितकं बरं का? तसंही नाही. तुझ्या गर्भाशयावर एक जुनी शिवण आहे. कळा सुरू झाल्या की त्या शिवणीवर ताण येतो. आडवा, खालच्या भागातला काप असेल तर ती उसवण्याचा धोका फार थोडा असतो. कळा येऊ दिल्या तरी दोनशे बायकांत एखादीला. पण उसवते तेव्हा मिनिटं मोजावी लागतात. अशी एक बाई मी पाहिली आहे. रात्रभर घरी कळा सोसत बसली होती, का तर सकाळी अमावास्या सुटणार होती. बाई हाताशी लागली. बाळ नाही लागलं. त्या घरातल्या कुणालाही मी वाईट म्हणणार नाही, त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. म्हणून तर डॉक्टरबाई ४० पूर्ण होईपर्यंत न ताणता ३९ पूर्ण झाले की तारीख देतात. फुप्फुसं तयार झालेली असतात आणि बहुतेक जणींना कळा सुरू झालेल्या नसतात.

बहुतेक जणींना म्हटलं, सगळ्यांना नाही. दहातल्या एकीला ३९ च्या आधीच कळा सुरू होतात. तुला झाल्या तर तीच तारीख. मग पितृपक्ष असो, ग्रहण असो की जावईबापूंचं ऑडिट असो. हे आजच, सगळे जेवायला बसलेले असताना बोलून ठेव. आयत्या वेळी कळा मोजत कुणाला काही पटवता येत नाही.

हे सगळं मी कोणत्या टाक्यांच्या भरवशावर लिहितेय? पहिल्या वेळचा काप आत कसा होता, त्यावर. पोटावरची खूण आडवी आहे म्हणजे आतलीही आडवीच, असं धरू नकोस. बाहेरची कातडी आणि आतलं गर्भाशय वेगवेगळं कापलं जातं. आत उभा काप असेल तर हिशोबच बदलतो, मग डॉक्टर ३६ ते ३७ च्या दरम्यानच बाळ काढतात. वार खाली असेल तर तेच. जुन्या टाक्यांवर वार चिकटून बसली असेल तर त्याहूनही आधी, आणि मोठ्या रक्तपेढीच्या हॉस्पिटलातच. तुझी वार वर आहे असं तू म्हणालीस, छान झालं. पण पहिल्या ऑपरेशनचं कार्ड डॉक्टरबाईंनी डोळ्यांनी पाहिलंय का? तू सांगितलंस आणि त्यांनी लिहून घेतलं, असं नको. ब्लडप्रेशर वाढलं, साखर हाताबाहेर गेली, बाळाची वाढ थांबली, तर त्या आधीची तारीख देतील, आणि तेव्हा माझं हे पत्र फडताळात ठेवून द्यायचं.

सोनोग्राफीच्या कागदांनी तू घाबरली आहेस तेही सांगते. प्रत्येक रिपोर्टवर प्रसूतीची वेगळी तारीख छापून येते. तिसऱ्या महिन्यातल्या पहिल्या सोनोग्राफीची धर, ती चुकली तर पाच-सात दिवसांनी चुकते. शेवटच्या महिन्यांतली तीन आठवड्यांनीही हुकू शकते, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या घराण्यावर गेलेलं असतं. वजन पावणेतीन किलो आलं म्हणून बाळ तयार, हेही खरं नाही. वजनावरून फुप्फुसं कळत नाहीत. आणि टाक्यांची जाडी अडीच मिलिमीटर लिहिली आहे, त्यावरून शेजारणीने ‘टाके पातळ झालेत, लवकर करून घे’ म्हटलं. अमुक मिलिमीटरच्या खाली थांबायचंच नाही असा सगळ्यांनी मानलेला आकडा नाही. टाक्यांच्या जागी सारखं दुखतं का, हात लावला की कळवळतेस का, हे डॉक्टरबाईंना सांग. जाडी आणि दुखणं दोन्ही बघून त्या ठरवतील. फुप्फुसं पिकवायचं इंजेक्शन घेऊन आधी काढू, असंही कुणी सुचवेल. ते इंजेक्शन गरजेचं आहे, गरज असते तेव्हा. मुहूर्तासाठी घ्यायचं नाही; त्याने जन्मलेल्या बाळाची साखर उतरू शकते.

नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही हे तुम्ही दोघांनी डॉक्टरबाईंशी बोलून मिटवलंय, त्यात मी पडत नाही. एकदा सीझर की पुढे सीझरच, असं न्यूयॉर्कच्या क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी १९१६ साली लिहिलं, तेव्हा काप वरच्या भागात उभा घेत. आता तसं राहिलेलं नाही, एवढंच तिसऱ्या वेळी कुणी टोमणा मारला तर लक्षात असू दे.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस. त्या तुझ्या विरुद्ध नाहीत, त्यांना नातवंडाच्या कपाळी काही लागू नये असं वाटतंय. त्यांना शास्त्रानेच विचार. अनंत चतुर्दशीला बाळ झालं तर दहा दिवसांचं सुवेर पितृपक्षात येतं, मग मामंजींच्या वडिलांचं श्राद्ध कसं करणार? त्याच्या आधी करावं तर गौरी-गणपतीत सुवेर. द्वादशीला झालं तर घटस्थापना सुवेरात. बघ, कुठलाही दिवस धरला तरी काहीतरी अडतंच. आमच्या वॉर्डात पितृपक्षात ठरवलेल्या सीझरची यादी ओस पडायची आणि पहिल्या माळेला थिएटरबाहेर रांग लागायची. आपणहून कळा येणाऱ्या बायका मात्र रोज तेवढ्याच यायच्या. पितर येतात त्या दिवसांत जन्मलेलं मूल म्हणजे घरातलंच कुणी परत आलं, असं माझी आजी म्हणायची. सासूबाईंना हे सांगून बघ, पाणी येईल त्यांच्या डोळ्यांत.

तरीही मन धजत नसेल तर एक मार्ग आहे. घटस्थापनेला तुझे होतात ३९ आठवडे आणि चार दिवस. सगळं ठीक असेल तर तोवर थांबायला चालेल का, हे डॉक्टरबाईंना सरळ विचार. त्या हो म्हणाल्या तर सकाळी घट बसवा आणि थिएटरला या. पुढच्या माळा कुणी घालायच्या ते गुरुजी सांगतील. नको म्हणाल्या तर द्वादशी. पुढे ढकलण्याबद्दल बोलू या, अलीकडे आणण्याबद्दल नको. आणि गुरुजींकडून मिनिटं काढून आणू नका. भूल देणारे डॉक्टर, बाळाचे डॉक्टर आणि हातात रक्ताची पिशवी, हे तिन्ही दिवसाउजेडी जागेवर असतील ती वेळ चांगली.

डॉक्टरबाईंनाही विचारायला लाजू नकोस: आधी कळा आल्या तर रात्री कोण येणार, भूल देणारे किती वेळात पोचतात, रक्त कुठून येणार. कळा, पाणी जाणं, रक्त दिसणं, टाक्यांच्या जागी न थांबणारं दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं की फोन करत बसू नकोस, गाडीत बस. निघतानापासून पोटात काही घालू नकोस. थोरलीला कोणाकडे सोडायचं ते आताच ठरव, रात्री दोन वाजता कोणाचं दार वाजवायचं तेही. तिला मात्र ‘बाळ आणायला जातोय’ एवढंच सांग, पोट कापण्याच्या गोष्टी तिच्यासमोर नकोत. परवा फोनवर मागून ती ‘आईचं पोट कधी कापणार’ विचारत होती, मी ऐकलं.

मी पौर्णिमेच्या सकाळच्या गाडीने निघते. डिंक आणि अळीव आणून ठेवलेत, लाडू तिथेच वळू, तुझ्याकडचं तूप चांगलं असतं. तेवढ्यात पहिल्या ऑपरेशनचं कार्ड शोध आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव. माझी खात्री आहे, ते शालूच्या पिशवीत तळाशी असणार.

तुझी,
मावशी