वेळासचा मुक्काम : कासव, समुद्र आणि पाहुणचार

कंधारच्या माणसाला 'समुद्र' हा शब्द परका नाही. राष्ट्रकूटकाळाशी नाते सांगणाऱ्या आपल्या जगत्तुंग तलावाला आपण समुद्रच म्हणतो. खारा समुद्र मात्र मी एकोणिसाव्या वर्षी, भूगोलाच्या अभ्याससहलीत पहिल्यांदा पाहिला. तोही रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास येथे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सहलीची वर्गणी आईने सोयाबीनच्या पैशांतून दिली आणि निघताना बजावले, "काय शिकलीस ते येऊन सांग." तिला जे सांगितले, तेच येथे मांडते.

वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. बाणकोटचा किल्ला जवळच आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, सारवलेली अंगणे आणि पलीकडे शांत किनारा. आम्ही उतरलो ते एका कुटुंबाच्या राहत्या घरी. ओसरीवर सतरंज्या, आंघोळीला विहिरीचे पाणी, जेवायला केळीच्या पानावर फणसाची भाजी आणि सोलकढी. पाहुण्यांसाठी नवे बांधकाम काही केलेले नव्हते. पर्यावरणस्नेही निवास म्हणतात तो हाच, हे मला तेथे कळले.

या पाहुणचाराचे मूळ कासवात आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यापासून येथील वाळूत खड्डा करून एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री खात आणि माणसेही नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी होतीच. पण निर्जन किनाऱ्यावर रात्री पहारा कोण देणार? २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन येथे संरक्षणाचे काम सुरू केले. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात पुरतात. सुमारे दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. गंमत अशी की पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. अधिक उबेत माद्या, कमी उबेत नर.

पुढे पिल्ले पाहण्यासाठी कासव महोत्सव भरू लागला आणि गावातील घरे पाहुण्यांना उघडी झाली.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू! दुसऱ्या दिवशी पहाटे तीन पिल्ले निघाली. तळहातात मावतील एवढी. पण तोंड थेट समुद्राकडे. अंधारात समुद्राकडील उजळ क्षितिज त्यांना वाट दाखवते. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट असेल तर ती उलट्या दिशेने जातात. म्हणून मोठ्या हॉटेलापेक्षा मिणमिणता कंदील असलेली ओसरी कासवाला मानवते.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. आपल्याकडे दारी आलेल्याला भाकरी वाढून पैसे मागणे कमीपणाचे मानतात. घरच्या काकूंना मी तसे विचारलेही. त्या हसल्या. "अगं, दोघे आले तर मीही घेणार नाही. पण चाळीस आले तर किती दिवस फुकट वाढू? हे चार पैसे मिळतात म्हणून गावाला अंडी राखावीशी वाटतात." जमाखर्चाची वही त्या स्वतः लिहीत होत्या.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. पिल्लांचा हंगाम थोडे आठवडेच चालतो. गर्दी वाढली तर पाणी, कचरा आणि पायांखाली तुडवली जाणारी वाळू यांचे प्रश्न येणारच. जो शांतपणा पाहायला लोक येतात, तो त्यांच्याच येण्याने मोडू नये, हे भान गावाला आणि पाहुण्याला दोघांनाही हवे.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले. ती म्हणाली, "पाव्हण्याच्या जेवणाचे पैसे घेत असतेत का गं?" मी काकूंचे उत्तर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती बाई वही सोता लिहिती म्हणलीस ना?"

मित्रहो, आपला किल्ला पाहायला लोक येतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जातात. मुक्कामाला एक ओसरी आणि ज्वारीची गरम भाकरी मिळाली तर त्यातले काही राहतील. मग किल्ल्याची आणि तलावाची निगा आपल्यालाही अधिक जवळची वाटेल. आईला मी आता आकडे शिकवते आहे. सुरुवात वहीपासूनच करावी लागेल.