वेठ नव्हे, सेवा

तरुणांच्या वर्गासाठी पाठ
शास्त्रभाग : योहान 13:1–17. घरी वाचण्यासाठी : फिलिप्पैकर 2:1–11.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उपदेशक बंधूंनो, 13 ते 19 वर्षांच्या मुलामुलींस नम्र सेवेचा पाठ देताना एक प्रश्न पुढे येण्याचा संभव आहे. तो टाळून जाणे बरे नव्हे. महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ केली. मेलेली गुरे ओढणे, सरकारी निरोप पोहोचविणे ही कामे जन्मानेच त्यांच्या माथी मारली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी बिल मांडले. परंतु ही वतने रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने. मग एखादा मुलगा विचारील, “गुरुजी, आजोबांच्या मानेवरचे जू उतरले, ते आम्ही पुन्हा का घ्यावे?”

पाठाचे विवरण

याचे उत्तर तिसऱ्या वचनात आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे व आपण देवापासून आलो आहो, हे प्रभूस ठाऊक होते. हे ठाऊक असूनच तो भोजनावरून उठला आणि कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी हे काम दासाचे असे. परंतु प्रभूवर कोणाची सक्ती नव्हती. वेठीत माणसाचा मान दुसरा हिरावून घेतो. सेवेत मात्र ज्यास आपला मान देवापाशी सुरक्षित असल्याची खात्री आहे, तो आपण होऊन वाकतो. म्हणून मुलांस प्रथम सांगा की, तुम्ही देवाची लेकरे आहा. काम त्यानंतर सांगा. कोणी जातीवरून हलके काम लादू लागल्यास ते नाकारणे हा गर्व नव्हे, हेही स्पष्ट करावे.

दृष्टांत

आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावची गोष्ट वर्गास सांगावी. पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. रमाबाई जन्माने ब्राह्मण व मोठ्या विदुषी. तरी उपाशी व आजारी मुलींस त्यांनी आपल्या घरच्या मानल्या. त्यांच्या शारदासदनात शिकलेल्या मुलीही या कामी लागल्या. ज्यांस आश्रय मिळाला होता, त्यांनीच पुढे आश्रय दिला.

दुसरे उदाहरण आंबेगाव तालुक्यातील माळीणचे. 30 जुलै 2014 रोजी डोंगरकडा कोसळून गाव गाडले गेले व 151 माणसे दगावली. भर पावसात जवान कित्येक दिवस चिखल उपसत होते. ज्यांस त्यांनी बाहेर काढले, त्यांतील बहुतेक आभार मानण्यास जिवंत नव्हते. तरी ते काम केलेच पाहिजे होते.

वर्गाने काय करावे

एक महिनाभर प्रत्येकाने एक काम पत्करावे. डोंगराकडील गावांत पाऊस पुष्कळ, तरी चैत्र-वैशाखात पाण्याची ओढ असते. तेथे एखाद्या म्हातारीस दोन हंडे पाणी आणून द्यावे. आधी तिलाच विचारावे की, बाई, तुम्हांस कशाची गरज आहे? मदत मंडळीतल्यासच करावी असे नाही. घरची भांडी घासणे व मंदिर झाडणे मुलींवरच न टाकता मुलांनीही करावे. केलेल्या कामांची नावे उपासनेत वाचून दाखवू नयेत. झाडू प्रथम उपदेशकाने स्वतः हाती घ्यावा. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

प्रश्न

1. पेत्राने पाय धुऊन घेण्यास नकार का दिला? दुसऱ्याची सेवा स्वीकारणे आपणांसही जड जाते काय?
2. यहूदा त्या वेळी तेथेच होता. यावरून आपण कोणाची सेवा करावी?
3. वेठ व सेवा यांतील भेद आपल्या घरच्या एका उदाहरणाने सांगा.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांस लेकरे केलेस, आता आम्हांस आनंदाने वाकण्यास शिकीव. आमेन.