आधी व्होल्ट, मग शून्य-एक

बाळा, डिजिटलचा विषय सुरू झाला की पहिल्याच तासाला फळ्यावर शून्य आणि एक येतात. मग पोरांना वाटतं, तारेतून आकडेच धावतात. तारेत आकडा नसतो, व्होल्टेज असतं. किती व्होल्टेजला शून्य म्हणायचं आणि कितीला एक, हे माणसांनी ठरवून घेतलंय. तुझ्या आत्याची सगळी नोकरी टेस्टिंगच्या टेबलावर गेली, म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: सर्किट चालेना की आधी मीटर लाव, ट्रुथ टेबल मग उघड.

जुन्या टीटीएल आयसींचा करार पाठच करून टाक. आत येणारं व्होल्टेज ०.८ च्या खाली असेल तर शून्य, २ च्या वर असेल तर एक. मधला पट्टा कुणाचाच नाही. बाहेर देताना मात्र गेट स्वतःवर जास्त कडक असतं: शून्य ०.४ च्या वर जाऊ द्यायचं नाही, एक २.४ च्या खाली येऊ द्यायचं नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना ०.४ व्होल्टची शिल्लक राहते. माझ्या मते सगळ्या डिजिटलचं मर्म या शिलकेत आहे. वाटेत तारेवर थोडा गोंगाट चढला तरी पुढचं गेट त्याला आत येऊ देत नाही, स्वच्छ शून्य किंवा स्वच्छ एक करून पुढे पाठवतं. अँप्लिफायरमागे अँप्लिफायर लावत गेलास तर गोंगाटही सिग्नलबरोबर वाढत जातो. गेटमागे गेट मात्र हजारोंनी लावता येतात, कारण प्रत्येक टप्प्यावर सफाई होते.

म्हणून मीटरवर १.४ किंवा १.५ असं काही दिसलं की सावध हो. बहुतेक वेळा ते इनपुट कुठेच जोडलेलं नसतं. टीटीएलचं मोकळं इनपुट स्वतःला ‘एक’ समजतं आणि बरेचदा काम चालूनही जातं. घातक ते हेच, कारण तार सुटल्याचं कळतच नाही. सीमॉसमध्ये तर मोकळं इनपुट वाऱ्यावर असतं. हात जवळ नेला तरी उत्तर बदलतं, आयसी उगाच तापते. न वापरलेल्या गेटांची इनपुटंसुद्धा ग्राउंडला किंवा सप्लायला बांधायची. बटण असेल तर १० किलोओहमचा पुल-अप लावायचा. आळस करायचा तर दुसरीकडे कर, इथे नको.

आता ट्रान्झिस्टर. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी तो पहिल्यांदा चालवून दाखवला, तो अँप्लिफायर म्हणून. आपल्याला त्याच्याकडून वेगळं काम हवंय: पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवलास तर तो तापतो आणि व्होल्टेजही मधल्या पट्ट्यात अडकतं. पूर्ण चालू करायचा तर बेसला हात आखडता घ्यायचा नाही. डेटाशीटमध्ये बीसी५४७ चा गेन ११० पासून ८०० पर्यंत काहीही असू शकतो, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून हिशेब करू नकोस. सरळ लोडच्या करंटचा दहावा भाग बेसला दे. लोड २० मिलिअँपिअरचा असेल तर बेसला २. ७४एचसी गेटच्या ५ व्होल्टमधून बेसचे ०.७ वजा कर, उरलेल्या ४.३ ला २ मिलिअँपिअरने भाग, २.१५ किलोओहम येतात, हाताशी २.२ चा रेझिस्टर असतो तो लाव. रिले लावलास तर कॉइलवर उलटा डायोड हवाच, १एन४००७ चालेल. नाहीतर रिले सुटताना कॉइलचा झटका तुझा ट्रान्झिस्टर घेऊन जाईल.

पाय मोजताना घाई नको. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच दिसतो, पण त्याचे पाय उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. डबीत दोन्ही मिसळून ठेवू नकोस.

दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक लावले तर दोघंही चालू असतील तरच करंट जातो. शेजारी-शेजारी लावले तर कुणीही एक पुरतो. अँड आणि ऑर दोन्हींचं मूळ एवढंच. आपल्या जिन्यातला दिवा आठव, खालूनही लागतो आणि वरूनही विझतो. दोन्ही बटणं वेगळ्या बाजूला असली की दिवा लागतो, एकाच बाजूला आली की विझतो, किंवा वायरमनने उलट जोडलं असेल तर नेमकं उलट. एक्सॉर गेट शिकवताना आधी तो जिना दाखवावा असं मला फार वाटतं. बटणांच्या अशा जोडण्या म्हणजेच जॉर्ज बूलचं गणित आहे, हे क्लॉड शॅननने १९३७ च्या आपल्या एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तुझ्यापेक्षा फार मोठा नव्हता.

गेटांचे प्रकार पाहून घाबरू नकोस. एकट्या नँडवर किंवा एकट्या नॉरवर सगळं उभं राहतं. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानातल्या संगणकाचं लॉजिक फक्त नॉर गेटांचं होतं. सुमारे २,८०० आयसी, प्रत्येकीत तीन इनपुटांची दोन गेटं.

आयसी घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ गेलास तर नुसतं ‘सात-चार-शून्य-शून्य द्या’ म्हणू नकोस. मधली अक्षरंही सांग: एलएस, एचसी की एचसीटी. एचसीला ५ व्होल्टवर ‘एक’ म्हणून निदान ३.५ व्होल्ट लागतात, टीटीएल २.४ चीच हमी देतं. दोघांना थेट जोडलंस तर कधी चालेल, कधी नाही, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाईल. मध्ये एचसीटी लाव, ती टीटीएलचा करार पाळते. पिनांचंही तसंच. ७४०० मध्ये १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. ७४०२ मध्ये १ हेच आउटपुट आहे. सीडी४०११ सुद्धा चार नँडांचीच, पण तिच्या मधल्या गेटांच्या पिना वेगळ्या. खाच डावीकडे धर, डेटाशीट समोर ठेव, मगच तार खोच.

प्रत्येक आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंडमध्ये, अगदी तिला चिकटून, ‘१०४’ लिहिलेला कपॅसिटर लाव. गेट पलटताना क्षणभर जास्त करंट ओढतं आणि लांब तारेतून तो वेळेत पोचत नाही. लांब ब्रेडबोर्डची वरची-खालची पट्टी कधीकधी मध्येच तुटलेली असते, तीही मीटरने बघून घे.

एलईडी सप्लायकडून गेटकडे लाव, मध्ये ४७० ओहम. ७४एलएस शून्यावर असताना ८ मिलिअँपिअर आत घेते, एकवर असताना मात्र ०.४ च देते. म्हणजे दिवा शून्याला लागेल. वहीत तसं लिहून ठेव. बटण दाबल्यावर काउंटर एकदम तीन-चार पुढे गेला तर तो आयसीचा दोष नाही. धातूचे संपर्क काही मिलिसेकंद उड्या मारतात. दोन-मार्गी बटण आणि दोन नँडांचं लॅच लावलंस की थांबतं.

या सुट्टीत एका ७४०० मधल्या चारही नँडांचं एक्सॉर कर. वहीत ट्रुथ टेबलशेजारी एक जास्तीचा रकाना आख आणि चारही ओळींना आउटपुटचे मोजलेले व्होल्ट त्यात भर. जमलं की पहिल्या नँडचं आउटपुट पाचव्या नँडमधून उलटव, तो हातचा. एक्सॉरचं आउटपुट म्हणजे बेरीज. हाफ अ‍ॅडर झाला. पाचव्या गेटसाठी दुसरी आयसी लागेल, तीही आत्ताच घेऊन ठेव. तिची उरलेली तीन गेटं मोकळी सोडू नकोस, आणि तिला तिचा वेगळा १०४ लाव.