फोटो न काढता न्यूमोनिया कसा कळतो?

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. गेल्या पावसाळ्यात सर्दी-खोकल्यानंतर तो धापा टाकायला लागला, म्हणून रात्रीच गाडी करून आम्ही त्याला कोल्हापूरला आणला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी त्याला सुनेच्या मांडीवरच राहू दिलं, झबलं वर केलं आणि हातातल्या घड्याळावर नजर ठेवून त्याच्या पोटाकडं बघत बसले. मग बोटाला चिमटा लावला आणि म्हणाले, "न्यूमोनिया आहे, पण घरी न्या." फोटो नाही, इंजेक्शन नाही, सलाईन नाही. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या तेवढ्या दिल्या. त्याच वेळी आलेल्या तीन महिन्यांच्या बाळाला मात्र लगेच ऑक्सिजन लावून दाखल करून घेतलं. नातू आता ठणठणीत आहे, पण शंका जात नाही. फोटोशिवाय न्यूमोनिया कळला कसा? आणि आजार एकच, तर उपचार दोन तऱ्हेचे का?
— एक आजी, राधानगरी तालुका

उत्तर : आजी, डॉक्टर पोटाकडं बघत बसले होते तेव्हा ते तुमच्या नातवाचे श्वास मोजत होते. लहान मुलांच्या न्यूमोनियात याच्याइतकी कामाची तपासणी दुसरी नाही. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागतं ते घड्याळ आणि एक मिनिटाचा धीर.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पाणी आणि पू साठतो. कोरडी गोधडी एका हातानं उचलते, तीच भिजली की दोन हातांनाही जड होते. फुप्फुसाचं तसंच होतं. मोठा माणूस जोर लावून खोल श्वास घेतो. तान्ह्या मुलाच्या फासळ्या मऊ आणि स्नायू कोवळे, त्याला तो जोर झेपत नाही. मग ते उथळ आणि भराभर श्वास घेऊन भागवतं. दुखणं वाढलं की जोर लावताना मऊ फासळ्यांखालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. ताप किती आणि खोकल्याचा आवाज किती मोठा, यापेक्षा या दोन खुणा जास्त खरं सांगतात. नुसत्या सर्दीनंही छातीत घरघर वाजते, पण श्वासाची गती बहुधा बिघडत नाही.

मोजण्याचा हिशेब वयावर आहे. २ महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तुमच्या नातवासाठी रेषा ४० ची होती. जलद श्वासाला खोकल्याची किंवा श्वास घ्यायला त्रास होत असल्याची जोड असेल, तर न्यूमोनिया धरून चालतात.

घरी मोजायचं असेल तर मूल शांत असताना, शक्यतो झोपेत किंवा आईच्या मांडीवर, पुरेशा उजेडात मोजा. छाती आणि पोट जिथं मिळतात तिथं नजर ठेवा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळं मध्येच थांबून पुन्हा भरभर श्वास घेतात आणि हिशेब चुकतो. मूल रडत असेल, अंगावर पीत असेल किंवा तापानं फणफणलं असेल तरी आकडा फुगतो. रडणं थांबू द्या, ताप उतरू द्या, मग पुन्हा मोजा. डॉक्टरांनी नातवाला मांडीवरून उचललं नाही ते यासाठीच. अनोळखी हात लागताच मूल रडलं असतं आणि मोजणं वाया गेलं असतं.

ही साधी रीत गरजेतून आली. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञानं, जिथं एक्स-रे पोहोचत नाही तिथं कोणतं मूल आजारी आहे हे ओळखायला श्वासाची गती आणि छातीचं आत खेचलं जाणं पुरतं, असं दाखवून दिलं. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं हे काम गावात उतरवलं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडानं घ्यायचं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. मोजणी पक्की जमत नसलेल्यांसाठी एक साधन बनवलं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे आकडे आले. जिथं हे उपचार पोहोचले त्या गावांत न्यूमोनियानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी ८.१ होतं, शेजारच्या तुलनेच्या गावांत १७.५. हे गावात, फोटोशिवाय घडलं.

मग फोटो कशाला असतो? त्याचीही वेळ असते. आजाराच्या सुरुवातीला फोटो स्वच्छ येऊ शकतो. डाग दिसला तरी तो विषाणूचा की जिवाणूचा, हे फोटोवरून खात्रीनं सांगता येत नाही. धाप लागलेल्या मुलाला ऑक्सिजन काढून दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि आडवं धरायचं, यात धोकाही असतो. म्हणून साध्या न्यूमोनियात आधी औषध सुरू होतं. मूल गंभीर असेल, छातीत पाणी किंवा पू साठल्याचा संशय असेल, क्षयाची शंका असेल, नाहीतर दोन दिवस औषध घेऊनही उतार पडत नसेल, तर फोटो हवाच.

बोटाला लावलेला चिमटा म्हणजे ऑक्सिमीटर. रक्तात प्राणवायू किती आहे, हे तो सांगतो. हे डोळ्यांनी ओळखणं कठीण आहे. ओठ निळे पडेपर्यंत वाट बघितली तर फार उशीर झालेला असतो. ९५ च्या पुढचा आकडा निर्धास्त, ९० च्या खाली गेला तर ऑक्सिजन आणि दाखल करणं, यात दुमत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या चिमट्यांवर मात्र तान्ह्या बाळाचा निकाल लावू नका. ते मोठ्यांच्या बोटासाठी केलेले असतात. बाळाच्या इवल्या, गार बोटावर ते चुकीचा आकडा दाखवतात. रुग्णालयात लहान मुलांसाठी वेगळा चिमटा असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आजाराचं नाव एक असलं तरी त्याच्या पायऱ्या वेगळ्या असतात. उपचार पायरीप्रमाणं ठरतात. तुमचा नातू जलद श्वास घेत होता, पण पीत होता, शुद्धीवर होता, प्राणवायू पुरेसा होता. अशा मुलाला तोंडानं दिलेलं अमॉक्सिसिलिन पुरतं. इंजेक्शननं काही जास्त मिळत नाही, दंडाला टोचणं मात्र होतं. छाती आत खेचली जात असली तरी धोक्याची खूण नसेल तर हेच औषध घरी देता येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, तपासून. २००४ साली भारतातल्या दोन हजारांवर मुलांवर झालेल्या अभ्यासात, साध्या न्यूमोनियात ३ दिवसांचा आणि ५ दिवसांचा डोस सारखाच गुणकारी ठरला. गोळी पाण्यात विरघळणारी असते, कारण तिचं माप वजनावर नेमकं बसतं आणि सिरपसारखी ती उन्हाळ्यात बिघडत नाही.

तीन महिन्यांच्या बाळात मात्र खेळ वेगळा. जितकं बाळ लहान, तितकं ते लवकर थकतं. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास जलद असेल, तर रुग्णालयाला पर्याय नाही. पुढच्या वयात खालीलपैकी एकही खूण दिसली तर ताबडतोब निघा :

• अंगावर किंवा वाटीनं काहीच न पिणं, किंवा पोटात काहीच न टिकणं
• झटके येणं
• उठवूनही न उठणं, एकदम मलूल पडणं
• शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येणं
• प्रत्येक श्वासाला कण्हणं, मान हलणं, ओठ किंवा जीभ निळी पडणं
• मुळातच फार कुपोषित असणं

अशा बाळाच्या बाबतीत कॅज्युअल्टीत क्रम ठरलेला असतो. आईच्या मांडीवर उभं धरायचं, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, रक्तातली साखर, वजन, मग शिरेतून प्रतिजैविक. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिली निवड सहसा अॅम्पिसिलिन आणि जेन्टामायसिनची असते, आणि दोन्हींचा डोस किलोच्या हिशेबानं काढावा लागतो. म्हणून वजनकाट्यावर ठेवलं की घाई करा म्हणून ओरडू नका. अंदाजानं दिलेलं औषध कमी पडलं तरी घात, जास्त झालं तरी घात. सलाईनचा आग्रह तर मुळीच धरू नका. न्यूमोनियात शरीर पाणी धरून ठेवतं. गरजेपेक्षा जास्त सलाईन फुप्फुसात उतरतं आणि धाप वाढते. पिऊ शकणाऱ्या मुलाला सलाईनची गरजच नसते. धाप फार असेल तर तोंडात जबरदस्तीनं दूध घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणखी एक सावधगिरी चांगला डॉक्टर घेतो. जलद श्वास म्हणजे दरवेळी न्यूमोनियाच, असं नाही. छातीत शिट्टी वाजत असेल तर दमा किंवा लहान बाळांचा विषाणूजन्य ब्राँकायोलायटिस असू शकतो. तिथं प्रतिजैविकापेक्षा श्वासावाटे दिलेलं औषध किंवा नुसती काळजी उपयोगी पडते. शेंगदाणा, हरभरा श्वासनलिकेत अडकला तरी एका बाजूचं फुप्फुस वाजेनासं होतं. खोकला अचानक, खेळता-खाता सुरू झाला असेल तर ते सांगायला विसरू नका. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, त्यातूनच फुप्फुस जळतं.

घरच्या उपायांचं मोकळेपणानं सांगते. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते सरळ छातीत जातं. छातीवर बिब्बा किंवा डाग देऊ नका. ब्रँडीचा थेंबही देऊ नका. मोठ्या मुलाची उरलेली गोळी लहानग्याला देऊ नका, खोकल्याची औषधं मनानं आणू नका. अंगावर पाजत राहा, थोडं थोडं पण वारंवार. गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. त्याआधी वरच्या यादीतली एकही खूण दिसली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता लगेच निघा.

तुमच्या तालुक्यासाठी शेवटचं, पण महत्त्वाचं. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांना पावसाळ्यात रस्ता हाताशी नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दिवसेंदिवस बंद होता, २०२१ च्या जुलैतही पाणी रस्त्यावर आलं. अशा दिवसांत 'रात्री बघू' हा विचार महाग पडतो. संध्याकाळी श्वास मोजा, आकडा रेषेवर असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच वेळी दाखवा. पुढं पाठवायची वेळ आली तरी तिथून औषधाचा पहिला डोस देऊन पाठवता येतं. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोन करताना बाळाचं वय आणि श्वासाचा आकडा सांगा, म्हणजे गांभीर्य लगेच कळतं.

आणि हे सगळं टाळणारी गोष्ट लसीची. न्यूमोकोकल लस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वेळी मोफत मिळते, पेंटाव्हॅलेंट आणि गोवर-रुबेलाही न्यूमोनियाच्या वाटा अडवतात. न्यूमोकोकलवरची एक लस आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. गाळप हंगामात कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांची बाळं बहुधा या लसींपासून वंचित राहतात, शिवाय चुलीचा धूर आणि थंडी सोसतात. तुमच्या शिवारात टोळी उतरली की तिथल्या बाळांची कार्डं बघा आणि लसी राहिल्या असतील तर आशाताईंना कळवा. नातवासाठी जी धावपळ तुम्ही केली, तिची गरज त्या बाळांना तुमच्यापेक्षा जास्त आहे.