आखाजीला घर भरेल तेव्हा

मागच्या चैत्रात एक गृहस्थ माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आले. भुसावळला रेल्वेत लोको पायलट, घर जळगावात पिंप्राळ्याच्या पुढे नव्या प्लॉटवर. महिन्यातल्या निम्म्या रात्री गाडीवर. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी आणि रांगतं बाळ. गल्लीतल्या दोन घरांची कुलपं तुटली होती, तीही घरची माणसं वर गच्चीवर झोपलेली असताना. खान्देशातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल लागला की अंथरुणं गच्चीवर जातात आणि खालचं घर चोराला मोकळं सापडतं. त्यांनी मोबाइलवर रॉटवायलरच्या पिल्लाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "ताई, असा कुत्रा पाहिजे की अंगणात पाय ठेवायची कोणाची हिंमत व्हायला नको."

मी विचारलं, "आखाजीला घरी कोण कोण येतं?"

ते क्षणभर बघत राहिले. मग अक्षय्य तृतीयेचे पाहुणे मोजू लागले. दोन बहिणी, त्यांची पाच पोरं, बायकोची भाची, कडुनिंबाच्या झोक्यासाठी गल्लीतल्या मुली. चार दिवस घरात ओरडा, पळापळ, रडारड, कोण कोणाच्या अंगावर पडतंय त्याला मोजदाद नाही.

आईबाबांनो, राखणीचा कुत्रा निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो मी मनापासून विचारते. ज्याला अंगणात आलेल्या प्रत्येक परक्यावर धावून जायला शिकवलं, त्याला तुमची भाची आणि चोर यांतला फरक कोण सांगणार? झोक्यावरून पडलेल्या मुलीला उचलायला शेजारची बाई धावत आली, तर त्याला दिसतं एवढंच की आपल्या पोरीच्या अंगावर कोणीतरी परकं धावून आलं. तो त्याचं काम करील. त्यात त्याची काही चूक नसेल.

घराला राखण पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे, हे एकदा शांतपणे बोलून घ्या. चोराला अंधार लागतो आणि शांतता लागते. जिन्याखालून कुत्रा भुंकला, वर माणसं जागी झाली, शेजारचा दिवा लागला, की त्याचं काम बिघडलं. एवढं काम कोणताही सावध, घराशी जोडलेला कुत्रा करतो. चावा घेणाऱ्या कुत्र्याची गरज पोलिसांना असते, सैन्याला असते. तिथे त्याच्यासोबत शिकलेला माणूस असतो. आपल्या घरी सोबत असते ती तुमची सहा वर्षांची मुलगी.

आता जातींकडे येते. लॅब्राडोर मुलांत रमतो, पण राखणीत ढिला. शिवाय खादाड, दोन वर्षांत सुटतो. जर्मन शेफर्ड हुशार आहे, घर सांभाळतो, पण त्याच्या अंगावर दुहेरी केस आहेत आणि खुब्याच्या सांध्याचं दुखणं त्या जातीत बरंच आढळतं. डोबरमनचे केस आखूड, उन्हाळा त्यातल्या त्यात निभतो; मात्र त्याला माणूस लागतो, एकटा पडला की बिथरतो. हस्की आणि सेंट बर्नार्ड आपल्याकडे आणूच नयेत, हे मी अगदी हात जोडून सांगते.

रॉटवायलर, पिटबुल, कॉकेशियन शेफर्ड यांच्याबद्दल विचारणारे सध्या पुष्कळ. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने अशा २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवा असं राज्यांना कळवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. मी आईला एवढंच विचारते, तुमचं वजन किती? पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर पन्नास किलोचा असतो. कडेवर बाळ घेऊन, एका हातात पट्टा धरून तुम्ही त्याला फाटकात अडवू शकाल का? वडील तर गाडी घेऊन खंडव्याकडे गेलेले. आणि आपल्या निष्काळजीपणामुळे जनावराने कोणाला इजा केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही ठाऊक असू द्या.

आपल्या उन्हाचं मात्र जरा थांबून सांगते. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसला टेकतो. एका दुपारी दोघा भावांनी एक शेफर्ड चादरीत घालून आणला. सकाळी गच्चीत साखळीला बांधला होता, सावली सरकत गेली, साखळी तेवढीच राहिली. मी त्याचा पंजा हातात घेतला तर तळव्याची काळी कातडी सुटून लोंबत होती, खाली गुलाबी मांस. हिरड्या विटकरी लाल. थर्मामीटर १०७च्या वर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जिभेवाटे, धापा टाकून उष्णता बाहेर काढतो, आणि हवाच तापलेली असेल तर तो तरी काय करील? आम्ही ओले टॉवेल, पंखा, सलाइन सगळं केलं. वाचला नाही. थोरला भाऊ खूप वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. म्हणून सांगते, जात निवडण्याआधी आपल्या घरात दुपारी बारा ते पाच कुत्र्याला गार जागा कुठे आहे, ती शोधा. नसेल, तर कुत्रा आणू नका.

मग कोणता आणावा? माझं मत सरळ आहे. बहुतेक घरांना आपला गावठी कुत्रा पुरतो, आणि चांगला पुरतो. आखूड केस, हलकं अंग, या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला, भाकरी-दुधावर, कधी अंड्यावर राहणारा. कांदा आणि द्राक्षं तेवढी घालू नका. शेतात राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे धावायला दोन-चार एकर आहेत त्यांना, मी कारवान सुचवते. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. २०१६ साली सैन्याने मेरठच्या केंद्रात त्यांना प्रशिक्षणासाठी घेतलं. पण तो धावणारा, शिकारी कुत्रा. हजार फुटांच्या प्लॉटवर कोंडला तर भिंती खाईल, आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या दिसल्या तर कोणाचं ऐकणार नाही.

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे माझी काही वर्षं गेली. तिथे ठेलारी मेंढपाळांचे वाडे बसायचे. रात्री लांडगा फिरकला की त्यांचे कुत्रे अक्षरशः वाऱ्यासारखे सुटत, आणि दिवसा त्याच कुत्र्याचा कान धरून दीड वर्षाचं पोर उभं राहायला शिकत असे. मी एकदा त्या आईला विचारलं, भीती नाही वाटत? तिला प्रश्नच कळला नाही. ते पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत आणि पोरांत लोळलेलं होतं. हे लक्षात ठेवा: तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ज्यांचा वास घेतं, ते त्याला आपलं वाटतं. त्या दिवसांत त्याला मुलं दाखवा, म्हातारी माणसं, काठी, गॅसवाला, स्कूटर, फटाक्याचा लांबचा आवाज, सगळं दाखवा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. कोणी दीड महिन्याचं देत असेल तर घेऊ नका, त्याला अजून आईकडून चावायचं किती ते शिकायचं असतं.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या खोऱ्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून अनेकांनी बिबट्यासाठी म्हणून झोपडीबाहेर कुत्रा बांधला. असं करू नका. अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला दारापर्यंत बोलावतो. रात्री तो आत, माणसांजवळ किंवा जाळीच्या बंद खोलीत पाहिजे.

आणि आता जे सांगते ते पोरांना जवळ बसवून सांगा. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. तो ओठ चाटू लागला, तोंड फिरवलं, अंग ताठ केलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, म्हणजे तो "पुरे" म्हणतोय. बाळ आणि कुत्रा, दोघांना एका खोलीत ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मुलं चावा लपवतात. रस्त्यावरच्या कुत्र्याचा ओरखडा असो की घरच्याचा, आई रागावेल, कुत्रा सोडून देतील, या भीतीने चड्डीखाली झाकतात. रेबीज एकदा अंगात भिनला, लक्षणं दिसली, की कोणाच्याच हातात काही उरत नाही. म्हणून आजच मुलाला शब्द द्या की यासाठी तुला कधी रागावणार नाही. तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. इंजेक्शनांच्या सगळ्या तारखा पूर्ण करायच्या, जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही विचारायचं. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस आणि मग दरवर्षी.

त्या लोको पायलटांनी शेवटी एरंडोलला बहिणीच्या मळ्यातली एक गावठी मादी आणली, तांबूस, एक कान पडलेला. मुलीने तिचं नाव झिपरी ठेवलं. पहिले तीन महिने त्यांनी तिला गल्लीतल्या घराघरांत नेलं. परवा लसीला आले तेव्हा सांगत होते, यंदाच्या आखाजीला गच्चीवर सतरा जण झोपले होते. पहाटे साडेतीनला झिपरी भुंकली. बायको कठड्यावरून वाकून ओरडली, "हाऊ कोन शे?" नळाला पाणी आलं म्हणून शेजारचे काका मोटार लावायला उठले होते. त्यांनी खालूनच हात दाखवला. झिपरीने आवाज ओळखला, आणखी एकदा हलकंसं भुंकली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, पोरांच्या अंथरुणांकडे पाठ करून, पुन्हा आडवी झाली.