घटक ४ : ठळक-तिरपा टंक आणि देवनागरी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला ठळक-तिरप्या टंकाचे स्वरूप सांगता येईल आणि मराठी मजकुरात तो कोठे वापरावा, कोठे टाळावा, हे ठरवता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मेट्रोच्या पहिल्या मार्गावर अंधेरी व घाटकोपर ही स्थानके आहेत. मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड. धावत्या गाडीतून या पाट्या वाचताना आपला डोळा ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ क्षणात वेगळे करतो. ‘ध’ व ‘भ’ यांच्या माथ्यावर डावीकडे शिरोरेषा तुटते. ‘घ’ व ‘म’ यांवर ती अखंड असते. एवढ्याशा फटीवर हा भेद उभा आहे.

४.३ टंकाचे स्वरूप

या टंकात तीन गुण एकत्र येतात.

(अ) सॅन्स सेरीफ : रोमन अक्षरांच्या टोकांवरील बारीक रेघा म्हणजे सेरीफ, त्या नसलेला टंक तो सॅन्स सेरीफ. देवनागरीत सेरीफ मुळातच नाही. म्हणून बोरूच्या जाड-बारीक वळणाऐवजी जवळपास एकाच जाडीच्या रेषांनी घडवलेल्या अक्षरांना आपण हे नाव देतो.

(आ) ठळकपणा : रेषा जाड झाली की अक्षरातील मोकळी जागा आक्रसते. वर सांगितलेली फट बुजू लागते. ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे लहान आकारात गच्च होतात.

(इ) तिरपेपणा : रोमन तिरपा टंक व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये पुस्तकछपाईत आणला. त्याचे मूळ धावत्या हस्ताक्षरात आहे. मराठीचे धावते लेखन मोडीत होत असे आणि छापखान्यात मात्र बाळबोध वळण रूढ झाले. त्यामुळे देवनागरीत तिरप्या टंकाची तशी जुनी परंपरा नाही. मुंबईतील ‘एक टाइप’च्या ‘मुक्त’ या टंककुलात जाडीच्या ७ पायऱ्या आहेत, पण स्वतंत्र तिरपे रूप नाही. अशा वेळी संगणक उभे अक्षर यांत्रिकपणे कलवतो: काना झुकतो, शिरोरेषा आडवीच राहते आणि वळणांचा तोल बिघडतो.

४.४ उपयोग आणि मर्यादा

ठळक-तिरपे अक्षर वेग आणि निकड सुचवते. म्हणून ते जाहिरातफलक, मालवाहू टेम्पो, क्रीडास्पर्धांची भित्तिपत्रके यांवर शोभते. तेथे शब्द मोजके आणि आकार मोठा असतो. सलग परिच्छेद, औषधाची सूचना किंवा दिशादर्शक पाटी यांसाठी उभा टंकच योग्य.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंग्रजी लेखक एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी तो तिरपा छापतो. मराठीत हे काम व्याकरण करते. ‘मी तुला सांगितले’ आणि ‘मी तुलाच सांगितले’ या वाक्यांची तुलना करा. ‘च’ आणि ‘ही’ ही अव्यये, तसेच शब्दक्रम, यांतून आघात व्यक्त होतो. म्हणून अनुवाद करताना तिरपे अक्षर जसेच्या तसे उचलू नये. त्यामागील आघात मराठीच्या रीतीने आणावा.

४.५ सारांश

टंक हा केवळ अलंकार नव्हे. लिपीची घडण आणि भाषेची रीत ओळखूनच त्याची निवड करावी.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ठळक टंकात ‘ध’ व ‘घ’ यांचा भेद का धूसर होतो?
२. आपल्या परिसरातील तीन पाट्या पाहून त्यांच्या टंकाची योग्यायोग्यता लिहा.