शंका-समाधान : १८ खरे की २९?

प्रश्न : वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वाधिक होम रन मिकी मँटलचे, १८, असं मी जेवताना सांगितलं. नातू म्हणाला, "आजोबा, २९, मॅनी रामिरेझ," आणि फोनवर आकडा दाखवला. सगळ्यांसमोर ओशाळलो. इतकी वर्षं बेसबॉल बघतोय, आता माझी स्मृतीच दगा देतेय का?
— एक आजोबा, न्यू जर्सी

उत्तर : तुमची स्मृती शाबूत आहे आणि नातवाचा आकडाही खरा आहे. वर्ल्ड सिरीज म्हणजे फक्त अंतिम मालिका. तिच्यात मँटल यांचे १८ होम रन (बहुधा चेंडू कुंपणापलीकडे टोलवून काढलेली धाव) आजही सर्वाधिक आहेत; बेब रूथ १५, योगी बेरा १२. रामिरेझ यांचे २९ हे पोस्टसीझनचे (नियमित हंगामानंतरच्या सर्व बाद फेऱ्या, अंतिम मालिकेसह) आहेत. १९६८ पर्यंत दोन्ही लीगचे (गटांचे) विजेते थेट अंतिम मालिकेतच भेटत. १९६९ मध्ये आधीची एक फेरी आली, १९९५ पासून आणखी एक. मँटल यांच्या काळात या फेऱ्याच नव्हत्या.

आणखी एक हिशेब नातवासमोर जरूर मांडा. मँटल यांना ६५ सामने मिळाले, रूथ यांना ४१, आणि त्यातले काही तर पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून. दर सामन्यामागे पाहिले तर माझ्या मते रूथच सरस. आणि स्मृतीचे म्हणाल, तर रोजचे व्यवहार किंवा ओळखीचे रस्ते विसरू लागलात, तर मात्र मज्जाविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिन्ही वेळा स्ट्राइकआउट झाला. तेव्हापासून होम रनसाठी अंधार पडेपर्यंत बॅट फिरवतो. महिनाभर कंबर दुखतेय, तरी ऐकत नाही. मोठ्या सामन्यात हातपाय गाळणारा मुलगा पुढे काय करणार?
— काळजीतली आई, कॅलिफोर्निया

उत्तर : आधी कंबर. वाढत्या वयात तीच ती पिळाची हालचाल सतत केल्याने स्पॉण्डिलोलिसिस (मणक्याच्या मागच्या भागात ताणाने पडणारी चीर) होऊ शकतो. तो झालाच असेल असे नाही. पण महिनाभराचे दुखणे घरी अंगावर काढू नये. याच आठवड्यात क्रीडावैद्यक किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर बॅट बंद. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा ताप असेल तर त्याच दिवशी न्या.

आता भीतीबद्दल. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) झाल्याने कुणाचे धैर्य मोजता येत नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वाधिक, ५४ वेळा, असे बाद झालेले फलंदाज मिकी मँटलच आहेत. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या गिल हॉजेस यांना २१ संधींत एकही हिट (यशस्वी फटका) मिळाली नाही. १९५५ च्या निर्णायक सातव्या सामन्यात डॉजर्स २-० ने जिंकून प्रथमच विजेते ठरले. त्या दोन्ही धावा हॉजेस यांच्याच फटक्यांवर निघाल्या, आणि त्यांतला एकही होम रन नव्हता.